खोगीर घेण्याआधी पाठ मोजा



मार्गशीर्ष आला की घोडे पाळणाऱ्यांचे पाय बाजाराकडे वळतात. कोणी तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेला जातो, कोणी नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेला. जाणती माणसे तिथे घोड्याचे दात पाहतात, खूर पाहतात, चाल पाहतात. आणि निघता निघता शेजारच्या पालावरून गोंड्यांचे, नक्षीचे एक खोगीर उचलतात. घोडा पाहायला दोन दिवस आणि खोगिराला दोन घटका! आज त्या दोन घटकांविषयीच बोलू.

आधी माझीच चूक सांगतो. आमच्याकडे एक तांबडी घोडी होती, अंगाने भरलेली, स्वभावाने गरीब. तिच्यासाठी मी बाजारातून एक देखणे खोगीर आणले. महिनाभरात घोडी बिघडली. तंग आवळायला गेले की कान मागे पाडायची, चावायला यायची, उतारावर अडून बसायची. मी म्हटले, माजली आहे. दोन-चार वेळा चाबूकही ओढला. एके दिवशी आई गोठ्यात आली, तिने घोडीच्या पाठीवरून हात फिरवला. खांद्यामागे बोट टेकताच घोडी खाली दबली. आई म्हणाली, "अरे, तिला माज नाही आला, तिला दुखतंय. मुक्या जनावरानं सांगायचं तरी कसं?" खोगीर तिच्या पाठीला अरुंद होते. त्यावर मी काय केले होते? बोचू नये म्हणून खाली घोंगडीची आणखी एक घडी घातली होती!

हीच चूक घरोघरी होते. पायाला चप्पल आवळत असेल आणि त्यात जाड मोजा घातला, तर चप्पल सैल होईल का? अधिकच आवळेल. निरुपयोगी भरताडाला आपण 'खोगीरभरती' म्हणतो, ते उगाच नाही. न बसणारे खोगीर भरतीने बसत नाही. म्हणून खोगीर घेण्याआधी घोड्याची पाठ मोजावी.

माप घेणे अगदी सोपे आहे. घोडा सपाट जमिनीवर, चारही पायांवर सरळ उभा करा. मान संपते तिथे पाठीवर उंचवटा असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना खांद्याची चपटी हाडे असतात. त्या हाडांच्या मागे दोन-तीन बोटांवर एक जाड पण मऊ, सहज वाकणारी तार पाठीवरून आडवी टाका आणि हाताने दाबून अंगासरशी बसवा. टोके बोचणार नाहीत याची काळजी घ्या. तार अलगद उचला, पुठ्ठ्यावर ठेवा, पेन्सिलीने रेघ ओढा आणि पुठ्ठा कापून घ्या. हा पुठ्ठा पिशवीत घालून बाजारात न्या. खोगिराच्या पुढच्या कमानीखाली धरून पाहिला की ते अरुंद आहे की रुंद, हे लगेच कळते.

घोडा बरोबर असेल तर खोगीर पाठीवर ठेवूनच पाहा. खाली काहीही न अंथरता ते थोडे पुढे ठेवा आणि मागे सरकवत न्या. जिथे ते आपोआप स्थिरावते तीच त्याची जागा. मग या गोष्टी तपासा.

स्वार बसल्यावरही उंचवटा आणि कमान यांच्यात दोन बोटे शिरली पाहिजेत. कण्यावर खोगिराचा भार मुळीच येता कामा नये. दोन गाद्यांमधली पन्हळ पुढून मागेपर्यंत तीन-चार बोटे रुंद हवी, आरपार उजेड दिसला पाहिजे. गादीखाली हात सरकवत न्या. पुढे दाब, मागे दाब आणि मधे पोकळी लागली, तर चारच जागी सारे ओझे पडते असे समजा. शेवटची फासळी चाचपून पाहा. खोगिराचा भार तिच्या मागे जाऊ नये, कारण तिथून पुढे कमरेला फासळ्यांचा आधार नसतो.

शेवटची परीक्षा घामाची. अर्धा तास फेरी मारून या आणि खोगीर उतरवा. दोन्ही बाजू सारख्या ओल्या दिसल्या तर ठीक. ओल्या भागात मधेच कोरडा डाग राहिला, तर तिथे दाब फार पडतो किंवा गादी टेकतच नाही. असे दाब सहन केलेल्या जागी पुढे पांढरे केस येतात. घोडा विकत घेतानाही पाठीवरचे असे ठिपके पाहून ठेवा, मागची गोष्ट ते सांगतात.

आता स्वाराकडे वळू. बसल्यावर पाठीमागे खोगिराची चार बोटे जागा उरावी. कान, खांदा, कंबर आणि टाच एका ओळंब्यात यावी. रिकिबीचा पट्टा जिथे अडकवलेला असतो तिथे बोटांची टोके टेकवा, रिकीब काखेपर्यंत पोचली की लांबी जवळपास बरोबर. रिकीब पादत्राणापेक्षा दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा बोट रुंद असावी. पडताना पाय चटकन सुटला पाहिजे. एवढ्यासाठीच सांगतो, वडिलांच्या खोगिरावर लेकराला बसवून त्याचे पाय रिकिबीच्या पट्ट्यात अडकवू नका. घोडा उधळला तर पोर फरफटत जाईल. मुलांसाठी पट्टे आखूड करा, नाहीतर रिकीब काढूनच ठेवा.

वजनाचाही विचार हवा. घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा स्वार आणि खोगीर मिळून जास्त नसावे, हा ढोबळ अडाखा आहे. 250 किलोच्या तट्टावर 50 किलोच येतात. वरातीत किंवा बैलगाड्यापुढे घोडी पळवताना हा हिशेब विसरू नका.

पाठ वर्षभर सारखी राहत नाही. पावसाळ्यानंतर घोडा भरतो, उन्हाळ्यात उतरतो. वर्षातून दोनदा पुठ्ठा नव्याने कापा. पाठीला जखम दिसली तर खोगीर बंद, आणि पशुवैद्यकाला दाखवा. घोड्याला धनुर्वाताचा धोका मोठा असतो, घरगुती लेपावर विसंबू नका.

आमच्या घोडीची पाठ भरून यायला दोन महिने लागले. नवे खोगीर साधेच घेतले, गोंडे नाहीत, नक्षी नाही. पहिल्या दिवशी तंग आवळताना मीच दचकून मागे सरलो. ती मात्र कान पुढे करून उभी राहिली. चाबूक त्यानंतर खुंटीवरून उतरला नाही.

यंदा बाजाराला निघाल तेव्हा भाकरीच्या फडक्याबरोबर तो पुठ्ठाही आठवणीने घ्या. बाकी पुढच्या खेपेला.