कर्जाचं कारण : फिरायला

आमच्या बचत गटाच्या रजिस्टरमध्ये एक रकाना आहे, ‘कर्जाचं कारण’. गेली अकरा वर्षं तो मीच भरते. मुलीचं लग्न, मुलाची फी, आजारपण, बाळंतपण, शिलाई मशीन, घरावरचे पत्रे. दोन वर्षांपूर्वी मुकुंदवाडीतल्या बैठकीत गटातल्या एका मावशींनी दोन हजार रुपये मागितले. वय पंचावन्नच्या आसपास. बावीस वर्षं सिडकोत धुणीभांडी करतात. मी पेन उचलून विचारलं, कारण काय लिहू? त्या म्हणाल्या, ‘‘फिरायला.’’

सगळ्या बाया हसल्या. एकीनं विचारलं, ‘‘कुठं फिरायला?’’

‘‘मुंबईला. समुद्र बघायचाय.’’

‘‘कोण हाय तुमचं तिकडं?’’

‘‘कोणी न्हाई.’’

‘‘मग काय काम हाय?’’

‘‘काम न्हाई म्हणून तर जायचंय.’’

शेवटी एकीनं तोडगा काढला. ‘‘ताई, मुंबादेवी लिहा. म्हंजे घरचेबी न्हाई म्हणायचे न्हाईत.’’ आणि मैत्रिणींनो, मी लिहिलं. देवदर्शन. वीस वर्षं मोर्च्यांत घोषणा देणारी मी, त्या रकान्यात ‘फिरायला’ हा शब्द लिहायला माझा हात धजला नाही.

मावशी गेल्याच नाहीत. त्याच आठवड्यात पुतण्याचं लग्न निघालं आणि दोन हजार आहेरात गेले. नवरा म्हणाला, ‘‘देव काय पळून जातो का? पुढच्या साली जा.’’ बरोबरच होतं त्याचं. देवाचंच कारण दिलं तर देव थांबतो. मी लिहिलेल्या त्या खोट्या कारणानंच मावशींना घरी बसवलं. कर्जाचे हप्ते मात्र त्यांनी एकही न चुकवता फेडले.

तेव्हापासून मी हा प्रश्न जिथेतिथे विचारते. बाईनं स्वतःच्या पैशानं, काहीही काम नसताना, नुसतं बघायला म्हणून घराबाहेर का पडू नये? त्यावर मला सगळ्यात जास्त राग आणणारं उत्तर घरातल्या पुरुषांकडून मिळालेलं नाही. ते आपल्याच चळवळीतल्या मैत्रिणींकडून मिळालं. ‘‘अगं, वस्तीत पाण्याचे, रेशनचे, मारझोडीचे प्रश्न आहेत आणि तू सहली काय काढतेस? ही मध्यमवर्गीय चैन झाली.’’

चैन? जरा आपल्याच आयुष्याकडे बघू या. आपल्यापैकी किती जणींनी घराबाहेरची पहिली रात्र चळवळीच्या शिबिरात काढली? पहिल्यांदा एकटीनं रेल्वेत बसलो ते परिषदेला जाताना. कोणी १९८५ साली नैरोबीला गेल्या, कोणी १९९५ साली बीजिंगला. ज्यांना तेवढं लांब जायला मिळालं नाही त्या पुण्या-मुंबईला, पाटण्याला, कोलकात्याला गेल्या. ठरावांवरची चर्चा आज किती जणींना आठवते? आठवते ती रात्रीची गाडी, अनोळखी गाव, आपल्याला कोणी ओळखत नाही याची मोकळीक आणि परत आल्यावर घर जरा लहान वाटलेलं. त्या प्रवासांनी आपल्याला घडवलं. पण आपल्या तिकिटावर ‘काम’ लिहिलेलं होतं म्हणून ती चळवळ, आणि मावशींचं तिकीट चैन! हा दुटप्पीपणा आपण आता सोडायला हवा.

गरीब बाईला प्रवास नवा आहे हे तर मुळातच खोटं. बीडमधून आणि आपल्याही जिल्ह्यातून दर हंगामाला ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. ती बाई शेकडो किलोमीटर जाते, पाचटाच्या कोपीत महिने काढते, पण तिला कोणी प्रवासी म्हणत नाही. पैठणहून नाथांची पालखी पंढरपूरला निघते तेव्हा डोक्यावर तुळस घेऊन बाया दिवसचे दिवस चालतात. म्हणजे पायांत बळ आहे, उन्हाची सवय आहे, उघड्यावर झोपायची तयारी आहे. मुकादमासाठी चालतं, देवासाठी चालतं, माहेरच्या मयतीला चालतं. फक्त स्वतःसाठी चालत नाही.

त्याच मावशींनी मला सांगितलं, श्रावणात त्या चार वेळा घृष्णेश्वराला जाऊन आल्या आहेत. तिथून वेरूळची लेणी हाकेच्या अंतरावर. चारही वेळा घरचे म्हणाले, दर्शन झालं, चला, उशीर होतो. १९८३ सालापासून वेरूळ आणि अजिंठा जागतिक वारशाच्या यादीत आहेत. जगभरातून माणसं विमानानं येतात, आणि तीस किलोमीटरवर राहणाऱ्या बाईनं कैलास लेणं पाहिलेलं नाही! अंतराचा प्रश्न असता तर तो केव्हाच सुटला असता.

मग पैशाचा प्रश्न आहे का? १७ मार्च २०२३ पासून राज्यातल्या एसटीत बाईला अर्धं तिकीट झालं. चांगलं झालं. पण माझा अनुभव असा की त्यामुळे माहेर, दवाखाना, बाजार स्वस्त झाला, ‘फिरायला’ तरीही कोणी निघालं नाही. २०२४ साली लाडकी बहीण योजनेचे दरमहा दीड हजार खात्यात यायला लागले. आमच्या वस्तीत मी विचारत गेले, कुठे जातात? पोराच्या गाडीचा हप्ता, किराणा, सासूचं औषध. बाईच्या हातात पैसा येतो तो आधीच कोणाच्या तरी नावावर चढलेला असतो. दुसरीकडे रेल्वेनं अठ्ठावन्न वर्षांवरच्या स्त्रियांना मिळणारी निम्म्या भाड्याची सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली. ज्या वयात बाईला जरा सवड मिळते नेमक्या त्या वयात! ती सवलत परत मिळावी यासाठी आपण एक तरी मोर्चा काढला का?

आणि सुरक्षितता? हो, भीती खरी आहे. पण मारझोडीच्या ज्या केसेस आपल्याकडे येतात त्या किल्ल्यावरच्या नसतात, त्या घरातल्या असतात. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली मुंबईबद्दलच्या ‘व्हाय लॉयटर?’ या पुस्तकात दाखवलं आहे की सार्वजनिक जागेत बाईला सतत काहीतरी काम असल्याचं दाखवत राहावं लागतं. हे वाचलं तेव्हा मला माझाच रकाना आठवला. बाई घरी बसल्यानं रस्ता सुरक्षित होत नाही. रस्त्यावर बाया वाढल्या, दिवे लागले, स्वच्छतागृहं उघडी राहिली की होतो.

म्हणून आम्ही नुसतं बोलत बसलो नाही. वीस जणींनी गटात वेगळं ‘फिरस्ती खातं’ काढलं. आठवड्याला प्रत्येकीचे दहा रुपये, वर्षाला दहा हजार चारशे. नियम एकच : या खात्यातून लग्नाला, आजाराला, फीला पैसा मिळणार नाही. त्यासाठी मूळ बचत आहेच. यावर दोन बैठका भांडणात गेल्या. ‘‘पोरगं तापानं फणफणलं तरी देणार नाही का?’’ देणार, पण मूळ खात्यातून. ही भिंत घातली नाही तर बाईचा पैसा उताराला लागतो आणि तो उतार नेहमी घराकडेच असतो. पासबुक कोणाच्याही घरी ठेवायचं नाही हेही ठरलं.

पहिली खेप बिनपैशाची, आपल्याच शहरात. भडकल दरवाजापासून मकाई दरवाजापर्यंत पायी. दुसरी दौलताबादच्या किल्ल्यावर. तारीख नळाला पाणी येण्याचा दिवस टाळून धरली. या शहरात वर्षानुवर्षं पाणी काही दिवसांआड आलं आणि पाण्याच्या दिवशी बाईला घर सोडता आलं नाही, हे बेत आखणाऱ्यानं विसरून चालत नाही. त्या दिवशीच्या भाकरी कोण थापणार हेसुद्धा आदल्या बैठकीत घराघरानुसार लिहून घेतलं. दोघींच्या घरी मुलग्यांनी थापल्या, वाकड्यातिकड्या. अकरा जणी सकाळच्या एसटीनं निघालो. अंधारीत शिरताना बॅटऱ्या लावल्या, वटवाघळं उडाली, एकीनं किंकाळी फोडली आणि मग सगळ्याच हसत सुटल्या. शेकडो पायऱ्या चढून बारादरीत पोचलो. घरी गेल्यावर एकीला नवऱ्यानं विचारलं, ‘‘काय मिळालं तिथं जाऊन?’’ ती म्हणाली, ‘‘पाय दुखले. पुढच्या महिन्यात परत जायचंय.’’

मग मुंबई. एका लॉजला फोन केला तर विचारलं, ‘‘लेडीज पार्टी? बरोबर जेंट्स कोण आहे?’’ कोणी नाही म्हटल्यावर खोली नव्हती. आम्ही मुक्कामच काढून टाकला. जाता-येता रात्रीची गाडी, मध्ये एक दिवस मुंबईत. गेल्या जानेवारीत नऊ जणी जनरल डब्यातून गेलो. मुंबादेवीला गेलो नाही. गिरगाव चौपाटीवर मावशी चपला काढून पाण्यात उभ्या राहिल्या आणि दोन तास तिथून हलल्या नाहीत. कोणी त्यांना चला, उशीर होतो, म्हटलं नाही.

मैत्रिणींनो, माझी मागणी साधी आहे. आपापल्या गटाच्या रजिस्टरात हा खर्च उघडपणे लिहा. शाळेची सहल, देवदर्शन, नातेवाईक असली आडवी नावं देऊ नका, कारण दुसऱ्याच्या नावानं मागितलेला पैसा दुसराच घेऊन जातो. किती जमवायचे, कुठे जायचं, कोणत्या वारी काय बंद असतं (अजिंठा सोमवारी, वेरूळ मंगळवारी), कोणाच्या घरी कोण स्वयंपाक करणार, हे सगळं बैठकीत ठरवा. आणि तुमच्यातल्या ज्या म्हणतील ‘‘आधी महत्त्वाचे प्रश्न’’, त्यांना विचारा, बाईला स्वतःसाठी एक दिवस आणि शंभर रुपये मिळणं हा प्रश्न कितव्या नंबरावर आहे, आणि तो नंबर कधी येणार?

आमच्या रजिस्टरातलं ते देवदर्शनाचं पान मी खोडलेलं नाही, तसंच ठेवलं आहे. जानेवारीच्या पानावर मात्र मावशींच्या नावापुढे एकच शब्द आहे : फिरायला. तुमच्या गटानं लिहिला की आम्हाला कळवा.