घरच्या दप्तरासाठीं मुक्त साधनें

जुन्या पोथ्यांस वाळवीपासून कसें जपावें, हें आम्हीं गतांकीं सांगितलें होतें. परंतु वाळवी केवळ कागदासच लागते असें नाहीं. संगणकांतील लिखाणासही ती लागते, असा अनुभव आम्हांस नुकताच आला. तो निवेदन करून उपयुक्त अशा दोन-तीन साधनांची शिफारस करण्याचें योजिलें आहे.

आमच्या कैलासवासी वडील बंधूंनीं १९९७ सालीं घराण्याचा वृत्तान्त संगणकावर लिहून ठेविला होता. गेल्या चातुर्मासांत आमच्या नातवानें ती फाइल उघडली, तों पडद्यावर मराठीचें एक अक्षर दिसेना! रोमन अक्षरें व चिन्हें यांची नुसती खिचडी. त्या काळचे कित्येक टंक रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरीच्या आकृति बसवीत. टंक विकणारी मंडळी राहिली नाहींत, टंकही मिळेना, आणि लिखाण मुकें झालें. वहिनी एवढेंच म्हणाल्या, “भावोजी, तीन वर्षें रात्रीं जागून लिहिलें हो त्यांनीं तें!”

सुदैवानें वहिनींच्या ट्रंकेंत एक छापील प्रत निघाली. नातवानें पानें स्कॅन करून ‘टेसरॅक्ट’ नांवाच्या साधनास दिलीं. चित्रांतील अक्षरें ओळखून त्यांचा मजकूर करून देणें हें त्याचें काम. ह्युलेट-पॅकार्ड कंपनींत १९८५ ते १९९४ या काळांत तें घडलें व २००५ सालीं सर्वांस खुलें झालें. मराठी आणि संस्कृत दोन्ही त्यास वाचतां येतात. सोबत ‘जीइमेजरीडर’ घेतलें, म्हणजे हुकूम टंकित करण्याची खटपट वांचते. मात्र ‘घ’ आणि ‘ध’ यांत तें अडखळे. म्हणून वहिनी छापील प्रत वाचीत व आम्ही पडद्यावरील मजकूर ताडून पाहत असूं. समासांतील हस्तलिखित टिपा तर त्यास मुळींच लागल्या नाहींत. त्या वहिनींनींच लावून दिल्या.

शुद्ध झालेला मजकूर आम्हीं ‘लिबरऑफिस’मध्यें ठेविला. २०१० सालीं सुरू झालेलें हें साधन विनामूल्य असून विंडोज, मॅक व लिनक्स या तिहींवर चालतें. त्याच्या ओडीटी नामक फाइलीची रचना २००६ सालापासून आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध आहे. ती कोणा एका दुकानाची मालकी नव्हे. लिखाण युनिकोडांत केलें, म्हणजे प्रत्येक अक्षरास स्वतःचा क्रमांक मिळतो, आणि टंक बदलला तरी ‘क’ हा ‘क’च राहतो. टंक हवा असल्यास मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ घ्यावा. तोही नांवाप्रमाणेंच मुक्त आहे.

‘फुकट तें पौष्टिक’ अशा भावनेनें आम्ही हें सुचवीत नाहीं. या साधनांची मूळ संहिता उघडी असते. जाणत्यानें ती वाचावी, सुधारावी व दुसऱ्यास द्यावी, अशी मुभा असते. पाणिनीचीं सूत्रें कोणाच्या पेटींत कुलूपबंद असतीं, तर कात्यायनाचीं वार्त्तिकें आणि पतंजलीचें भाष्य झालें असतें काय? कर्ता थकला तरी दुसरा कोणी काम पुढें चालवूं शकतो, हाच येथें खरा लाभ.

दोन सूचना मात्र ध्यानांत ठेवाव्या. साधन त्याच्या मूळ स्थळावरूनच उतरवून घ्यावें. तसेंच, वर्डमधील गुंतागुंतीचीं कोष्टकें लिबरऑफिसमध्यें क्वचित् विस्कटतात. तेव्हां मूळ फाइल न मोडतां तिची प्रत करून काम करावें.

वाचकांनीं येत्या रविवारीं घरांतील वीस-पंचवीस वर्षांपूर्वींची एखादी फाइल उघडून पाहावी. अक्षरें दिसलीं, तर लागलीच ओडीटींत उतरवून दुसऱ्या ठिकाणींही एक प्रत ठेवावी. न दिसलीं, तर घरांतील ट्रंका धुंडाळाव्या, आणि ज्यांस तो मजकूर ठाऊक आहे अशा वडील माणसांजवळ बसण्यास विलंब लावूं नये.