दानधर्म की न्यायधर्म?

धर्मोपदेशकाने प्रार्थना करावी, आजाऱ्याला औषध आणि भुकेल्याला अन्न द्यावे. पण ही भूक कोणत्या व्यवस्थेतून निपजते, हा प्रश्न मात्र विचारू नये, असा दंडक सत्ताधाऱ्यांनी व संपत्तिधारकांनी जगभर रूढ केला आहे. ख्रिस्ती सेवाकार्याला तर तो फारच काटेकोरपणे लावला जातो. सेवा निरुपद्रवी असेल तोवर तिचे कौतुक. तीच सेवा न्यायाची भाषा बोलू लागली की ते राजकारण ठरते. हा दंडक बायबलच्या कसोटीवर टिकतो काय?

लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायात योबेल वर्षाचा नियम आहे. दर पन्नासाव्या वर्षी विकली गेलेली शेतजमीन मूळ कुटुंबाकडे परत जावी आणि दारिद्र्यापायी दास्यात गेलेल्या बांधवांची मुक्तता व्हावी, असा तो नियम. जमीन ईश्वराची, म्हणून ती कायमची विकता येत नाही, ही त्यामागील भूमिका. त्याची अंमलबजावणी किती झाली, हा इतिहासाचा प्रश्न आहे. परंतु संपत्तीचे केंद्रीकरण हे दैव नसून दोष आहे आणि तो दात्याच्या लहरीने नव्हे तर नियमाने दूर करावयाचा असतो, हे अर्थशास्त्र त्यात निःसंदिग्धपणे आहे. खोटी मापे वापरणाऱ्या व्यापाऱ्यांवर आमोस संदेष्ट्याने कोरडे ओढले, तेही याच न्यायबुद्धीने.

ही शिकवण व्यवहारात आणण्याचा मोठा प्रयोग लॅटिन अमेरिकेत झाला. १९६८ मध्ये मेडेलिन येथे तेथील बिशपांनी दारिद्र्याला अन्याय हे नाव दिले. १९७१ मध्ये पेरूचे धर्मगुरू गुस्तावो गुतिएरेझ यांनी मुक्तीच्या धर्मशास्त्राची ग्रंथरूपाने मांडणी केली. बेल्जियमचे धर्मगुरू जोसेफ कार्डाइन यांनी तरुण कामगारांसाठी सांगितलेली ‘पाहा, पारखा, कृती करा’ ही त्रिसूत्री खेड्यापाड्यांतील लहान गटांनी उचलली. शेतमजूर बायबल वाचू लागले आणि वाचता वाचता स्वतःच्या मजुरीविषयी व जमिनीविषयी बोलू लागले. जमीनदारांना भय वाटले ते या बोलण्याचे.

एल साल्वादोरमध्ये कॉफीची जमीन मूठभर घराण्यांच्या हाती होती. १२ मार्च १९७७ रोजी शेतमजुरांत काम करणाऱ्या रुतिलिओ ग्रांदे या जेझुइट धर्मगुरूंची हत्या झाली. तोवर सावध म्हणून ओळखले जाणारे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो त्यानंतर गप्प राहिले नाहीत. लष्करी मदत थांबवा, असे त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांना लिहिले. दडपशाही थांबवा, असे सैनिकांना व्यासपीठावरून बजावले. दुसऱ्याच दिवशी, २४ मार्च १९८० रोजी, मिस्सा अर्पण करीत असताना त्यांना गोळी घालण्यात आली.

रोमने काय केले? १९८४ च्या निवेदनात मार्क्सवादी विश्लेषणाच्या उसनवारीविरुद्ध इशारा दिला आणि १९८५ मध्ये ब्राझीलच्या लिओनार्दो बॉफ यांच्यावर मौन लादले. पाप माणसाच्या अंतःकरणात असते, केवळ व्यवस्थेत नव्हे, हा रोमचा आक्षेप पोकळ नाही. पण अंतःकरणातील लोभ खतावणीत, भाडेपट्ट्यात आणि कायद्याच्या कलमांतच मूर्त होतो. तेथे त्याला हात न लावता केवळ अंतःकरणाला उपदेश करणे म्हणजे रोग्याला सोडून त्याच्या सावलीला औषध पाजणे होय. २०१८ मध्ये त्याच रोमेरोंना संतपद मिळाले. मृताला देव्हाऱ्यात बसविणे सोपे असते. जिवंतपणी त्याच्या पाठीशी उभे राहणे अवघड.

आपल्याकडेही कसोटीचा प्रसंग आला. झारखंडमध्ये आदिवासींच्या जमिनीसाठी आणि तुरुंगात खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांसाठी झटणारे जेझुइट धर्मगुरू स्टॅन स्वामी यांना ऑक्टोबर २०२० मध्ये अटक झाली. कंपवाताने जर्जर झालेल्या या वृद्धाला विशेष न्यायालयाने जामीन नाकारला. ५ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, मुंबईच्या रुग्णालयात कोठडीतच त्यांचा अंत झाला. त्यांच्यावरील आरोप शाबीत झाले नव्हते.

चर्चनेही स्वतःचे घर तपासले पाहिजे. बाप्तिस्म्यात समता सांगावयाची आणि कब्रस्तानात दलितांसाठी निराळा कोपरा राखावयाचा, ही विसंगती दक्षिणेत अनेक ठिकाणी दिसून आली आहे. १९५० च्या राष्ट्रपती आदेशाने दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर राहिले, याविरुद्धची चर्चची तक्रार रास्त आहे. पण स्वतःच्या अंगणातील जात ज्याला झाडता येत नाही, त्याच्या तक्रारीचे वजन घटते.

समाजवादी कार्यकर्त्यांनाही एक बोल लावणे भाग आहे. धर्म म्हणजे अफू, एवढेच पाठ करून मोकळे होणाऱ्यांना, त्याच परिच्छेदात मार्क्सने धर्मात पीडितांच्या दुःखाचा निषेधही पाहिला होता, याचा विसर पडतो. भजनापुरता उरलेला धर्म आणि मजुराच्या बाजूने उभा राहणारा धर्म यांत फरक करता न येणारी चळवळ आपले मित्र गमावते. जो धर्मगुरू वेठबिगारासाठी तुरुंगात जाण्यास सिद्ध आहे, त्याची श्रद्धा तपासण्याची गरज नाही. त्याच्या खांद्याला खांदा लावण्याची आहे. दान घेणारा हात पसरलेलाच राहतो. न्याय मागणारा हात मूठ वळतो, आणि त्या मुठीला कोणत्याही धर्माची बोटे चालतात.