ब्रोमेलियाड घ्यावे ते पानांसाठी

नर्सरीत ब्रोमेलियाड मागितले की बहुतेक वेळा पुढे येते ती लालभडक तुऱ्याची गुझमानिया. तुरा महिनो न् महिने टिकतो, म्हणून किंमतही चढी. पण हा तुरा फुलांचा नाही, रंगीत छदांचा असतो. खरी फुले त्यात दडलेली, लहान आणि अल्पायुषी. शिवाय या कुळातल्या बहुतेक झाडांत पानांचा एक झुबका एकदाच फुलतो आणि मग हळूहळू वाळतो. म्हणजे आपण पैसे मोजतो ते शेवटच्या बहराला. त्यापेक्षा पानांच्या रंगासाठी ब्रोमेलियाड घ्यावे, आणि त्यात पहिला मान निओरेगेलियाचा. ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्याच्या जंगलातले हे झाड. त्याचा ‘ट्रायकलर’ जवळून पाहावा: हिरव्या पानावर मधोमध पिवळट पांढरे उभे पट्टे, कडांना बारीक काटे, आणि फुलायची वेळ झाली की आतली पाने कुंकवासारखी लाल. जांभळी फुले मधल्या वाटीतल्या पाण्यात जेमतेम डोके वर काढतात. सगळी शोभा पानांचीच. रॉबेर्टो बुर्ले मार्क्स हा चित्रकार बागा आखताना ब्रोमेलियाड रंगाच्या पट्ट्यांसारखी वापरत असे. रिओजवळची त्याची बाग 2021 पासून जागतिक वारसास्थळ आहे.

‘रंग उडतो’ ही तक्रार खरी, पण तिचे कारण बहुधा अंधारात असते. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवले की पाने लांबतात, हिरवी पडतात. पूर्वेच्या गॅलरीतले कोवळे ऊन त्याला मानवते. एप्रिल-मेच्या दुपारी मात्र जाळी हवीच. डासांचा आक्षेप याहून गंभीर आहे. त्रिनिदादमध्ये 1940 च्या दशकात मलेरिया पसरवणारे डास झाडांवरच्या ब्रोमेलियाडांत वाढत होते, आणि ती मारण्यासाठी तांब्याच्या क्षाराची फवारणी करावी लागली. डेंग्यूच्या डासाच्या अळ्या मात्र रिओतल्या पाहणीत ब्रोमेलियाडांत फारच थोड्या सापडल्या. तरी गाफील राहू नये. वाटीतले पाणी दर आठवड्याला पूर्ण ओतून नवे भरावे. घरातल्या पिंपांसाठी ‘कोरडा दिवस’ पाळतोच, त्यात ही वाटीही धरावी. परदेशी म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एवढे आठवावे की अननस याच कुळातला, आणि त्याचे नावही पोर्तुगिजांबरोबर अमेरिकेतून आलेले. अंगणात जमीन असेल तर आधी देशी झाडेच लावा, यात दुमत नाही. हे झाड गॅलरीसाठी.

घेताना न फुललेले झाड निवडा, पाने घट्ट आणि रंग भरलेला पाहा. कुंडीत नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि कोळसा घाला. फुलून गेले तरी उपटून टाकू नका: बुडाशी आलेले पिल्लू आईच्या निम्म्याएवढे झाले की वेगळे लावता येते.