नगरमध्ये काय आहे बघण्यासारखं?

गेल्या वर्षी माझी भाची आणि जावईबापू लेकीला घेऊन स्पेनला जाऊन आले. त्यातल्या ग्रॅनडा नावाच्या एका गावासाठीच त्यांनी तीन दिवस राखून ठेवले होते. पहिल्यांदा जायचं म्हणून दोन महिने आधीपासून तयारी चालली होती. अल्हाम्ब्रा हा तिथला जुना राजवाडा. त्याची तिकिटं आधी काढली नाहीत तर दारातूनच परत फिरावं लागतं, आतल्या खास महालांत शिरायची वेळ ठरलेली असते, पासपोर्ट जवळ लागतो, दुपारी बरीच दुकानं बंद असतात, रात्रीच्या जेवणाचं नवाच्या आधी नाव काढू नये, वगैरे वगैरे. (दुपारच्या बंद दुकानांचं पुण्यात राहणाऱ्यांना काय कौतुक, पण असो.) हे सगळं तिने मला फोनवर इतक्या वेळा ऐकवलं की मीही डोळे मिटून ग्रॅनडात फिरून येईन.

आणि डिसेंबरात तिचा फोन आला. "मामा, शनिवारी शिर्डीला चाललोय. वाटेत नगरला दोन तास थांबता येईल. यांनी नगर अजून पाहिलंच नाहीये. काय आहे बघण्यासारखं?"

मी काय म्हणालो असेन? "नगरमध्ये काय आहे बघण्यासारखं? सरळ घरी या, मामी भाकरी टाकते, जेवा आणि पुढे निघा."

फोन ठेवला आणि माझी मलाच लाज वाटली. हे वाक्य माझं नाही. माझे वडील पाहुण्यांना हेच सांगायचे, शेजारचे काका हेच सांगायचे, आणि नगरचा रिक्षावालाही हेच सांगतो. ग्रॅनडाचा शेवटचा मुस्लिम राजा शहराच्या किल्ल्या देऊन निघून गेला तो २ जानेवारी १४९२ रोजी. आमच्या नगरचा स्थापना दिन २८ मे १४९०. तिकडे एक राज्य मावळत होतं तेव्हा इकडे मलिक अहमद निजामशहा बहामनींना हरवून नवं राज्य मांडत होता. एका काळच्या या दोन गोष्टी. त्यांच्यातल्या एकीसाठी लोक दोन महिने आधी तिकीट काढतात आणि दुसरीला आम्ही "भाकरी खा आणि निघा" म्हणतो. कैरो-बगदादशी या शहराची तुलना व्हायची हे वाक्य मात्र प्रत्येक नगरकराला पाठ असतं. सभेत म्हणायला बरं पडतं.

तासाभराने मी तिला परत फोन केला आणि माझ्या अटी सांगितल्या. त्याच इथे लिहितो, म्हणजे पुढच्या वेळी कुणी विचारलं की फक्त हे वाचा म्हणायचं.

पहिली अट, दोन तास नाही. शिर्डी, शिंगणापूर आणि मधल्या फटीत नगर, हा बेत मला मान्य नाही. देवदर्शन वेगळ्या दिवशी करा. नगरला आदल्या संध्याकाळी यावं, मुक्काम करावा आणि दुसरा अख्खा दिवस द्यावा. २०२२ साली शहरात उड्डाणपूल झाला. चांगला आहे, खांबांवर शिवचरित्रातले प्रसंगही रंगवलेत, पण त्यामुळे पुणे-संभाजीनगर करणारी मंडळी आता नगरमधून जात नाहीत, नगरवरून जातात. बाह्यवळण तर त्याहून बरं, गाव दिसतच नाही.

दुसरं, नावाचा घोळ करून घेऊ नका. २०२४ पासून शहर आणि जिल्हा दोन्ही अधिकृतपणे अहिल्यानगर आहेत आणि २०२५ मध्ये रेल्वे स्टेशनचंही नाव बदललं. अहिल्यादेवींचा जन्म याच जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यातल्या चोंडीचा. बोलण्यात मात्र आम्ही आधीही "नगर" म्हणत होतो आणि आताही "नगर"च म्हणतो. त्याहून महत्त्वाचा घोळ म्हणजे स्टँडचा. माळीवाडा, तारकपूर आणि पुणे स्टँड अशी तीन स्टँडं आहेत. "स्टँडवर उतरलोय" एवढंच कळवलंत तर तुम्हाला घ्यायला आलेला माणूस दुसऱ्या स्टँडवर उभा असतो. आमच्या घरातली अर्धी भांडणं या एका गोष्टीवरून झाली आहेत.

ऋतूचं म्हणाल तर एप्रिल-मे सोडून कधीही. पावसाळा सरता सरता डोंगर हिरवे असतात ते पंधरा-वीस दिवस उत्तम, नाहीतर मग थंडी. जानेवारीच्या शेवटी येणार असाल तर एक लक्षात ठेवा, ३१ जानेवारीला अरणगावच्या मेहेराबादला मेहेरबाबांच्या समाधीवर अमरतिथीचा मेळावा असतो. देशोदेशीचे लोक येतात. गंमत बघा, जगभरातल्या माणसांना नगरला यावंसं वाटतं आणि आम्हाला गावातली जागा दाखवायची लाज वाटते.

सकाळी उजाडता उजाडता चांदबीबीच्या महालावर जायचं. पाथर्डी रस्त्याने बारा-तेरा किलोमीटर, गाडी वरपर्यंत जाते. पण पाहुण्याला वर नेण्याआधी खरं सांगा की हा चांदबीबीचा महाल नाही. ही सलाबतखानाची कबर. तो मुर्तझा निजामशहाचा वजीर. आठ कोनांची, तीन मजली, कसलंही नक्षीकाम नसलेली दगडी इमारत, आणि तळघरात कबर. चांदबीबीचा पराक्रम घडला खाली किल्ल्यात, आणि नाव लागलं डोंगरावरच्या परक्या कबरीला. मला स्वतःला हे बत्तिसाव्या वर्षी कळलं, तेही एका बाहेरगावच्या पाहुण्याकडून! त्याने विचारलं, "महाल म्हणता, मग न्हाणीघर कुठे, मुदपाकखाना कुठे?" मी गप्प. वर वारा इतका असतो की टोपी हातात धरावी लागते. भिंतींवर कुणी-कुणी बदाम काढून नावं कोरली आहेत, तिकडे पाठ करून बसावं आणि खाली पसरलेलं शहर बघावं.

तिथून भुईकोट किल्ला. इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या आणि इथेच सगळ्यांत जास्त लोक घाई करतात. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. त्यामुळे आज आत सोडतात का याची आधी चौकशी करावी आणि प्रत्येकाने ओळखपत्र जवळ ठेवावं. एकदा मी माझ्या मोठ्या साडूंना "काही लागत नाही हो, आपलाच किल्ला आहे" म्हणून पाठवलं आणि ते उन्हात दारातून परत आले. चूक सर्वस्वी माझी. अल्हाम्ब्राला पासपोर्ट नेणारी माणसं इथे आधार कार्ड घरी विसरतात, कारण आम्हीच त्यांना तसं सांगतो.

आत गेल्यावर मुलांना आधी खंदक दाखवा आणि चांदबीबीची गोष्ट तिथेच उभं राहून सांगा. १५९५-९६ च्या वेढ्यात मोगलांनी सुरुंग लावून तट पाडला आणि या बाईने रातोरात ते खिंडार बुजवून घेतलं. मोगलांना तह करावा लागला. पुढे १६०० साली तिच्याच माणसांनी तिला मारलं आणि मग किल्ला पडला. १८०३ मध्ये तो वेलस्लीने घेतला. तेव्हा त्याने ज्या चिंचेखाली न्याहारी केली म्हणतात, त्या चिंचेत मला फारसा रस नाही. माझा जीव अडकतो तो पलीकडच्या बैठ्या खोल्यांच्या रांगेत.

ऑगस्ट १९४२ मध्ये नेहरू, पटेल, आझाद, आचार्य कृपलानी, नरेंद्र देव, आपले शंकरराव देव अशी मंडळी इथे आणून ठेवली होती. नेहरूंनी 'भारताचा शोध' इथेच लिहिला, १९४४ साली, एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत. त्यांची खोली जपून ठेवली आहे. ते या आवारात फुलझाडांसाठी वाफे खणायचे आणि खणताना जुन्या भिंतींचे अवशेष लागायचे, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. मला ही गोष्ट फार आवडते. तुरुंगात फावडं मारावं आणि खालून निजामशाही निघावी!

आणि मौलाना आझाद. ते इथे असताना एप्रिल १९४३ मध्ये तिकडे कलकत्त्याला त्यांच्या पत्नी वारल्या. शेवटची भेट झाली नाही. या खोल्यांमधून त्यांनी एका मित्राला उर्दूत पत्रं लिहिली, पाठवता न येणारी. पहाटेच्या चहाबद्दल, खोलीत घरटं करणाऱ्या चिमण्यांबद्दल, आणि एक पत्नीबद्दल. पुढे त्यांचं 'गुबारे खातिर' हे पुस्तक झालं. नगरच्या किल्ल्यात बसून लिहिलेल्या दोन मोठ्या पुस्तकांपैकी हे दुसरं आमच्या गावात फार थोड्यांना माहीत आहे. मीही ते हिंदी लिपीतच वाचलंय, अडखळत.

किल्ल्याजवळच दमडी मशीद आहे, १५६७ च्या सुमाराची. बांधणाऱ्या मजुरांनी रोजच्या मजुरीतली एकेक दमडी काढून बांधली, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो नसो, दगडावरचं कोरीवकाम जवळ जाऊन बघा. दहा मिनिटांत उरकण्यासारखी ती जागा नाही, पण लहान आहे म्हणून लोक उरकतात.

दुपारी घरी जेवायला यावं. नगरला येऊन पनीर मागू नये एवढीच विनंती. ज्वारीची भाकरी, हुलग्याचे शेंगोळे, ठेचा. हे हॉटेलात चांगलं मिळेलच असं नाही, म्हणून नगरमध्ये कुणीतरी ओळखीचं असावं लागतं. (नसेल तर आम्ही आहोत.)

उन्हं उतरल्यावर रणगाडा संग्रहालय. १९९४ साली लष्कराने उभारलं. इथेही ओळखपत्र न्यावं. रोल्स-रॉइसची चिलखती गाडी, पकडलेले पॅटन, आपला विजयंता. मुलं तिथून हलत नाहीत, म्हणून ते शेवटी ठेवायचं, आधी नाही. आणि रणगाडे उघड्यावर असल्याने भर दुपारी हात लावला तर चटका बसतो. जवळच फराहबाग आहे. तिथे बहुतेक वेळा एकही माणूस नसतो. पहिली इमारत पसंत पडली नाही म्हणून पाडून पुन्हा बांधली आणि १५८३ मध्ये पुरी झाली. भोवती मोठा तलाव होता, मधोमध हा महाल. आज पाणी नाही. अल्हाम्ब्रातली कारंजी अजून उडतात असं भाची सांगते. इथे खापरी नळांनी डोंगराकडून पाणी आणलं होतं, ते नळ आता शेतात नांगराला लागले तरच दिसतात. पण संध्याकाळी त्या कमानीखाली उभं राहिलं की पाणी कुठवर असेल हे डोळ्यांना कळतं. पडझड आहे, कचराही असतो. ते पाहुण्यापासून लपवू नये असं माझं मत आहे. आपण ज्या गोष्टीची लाज बाळगून "काय आहे बघण्यासारखं" म्हणतो, ती एकदा त्याच्यासोबत नीट बघावी.

एवढ्यानंतरही सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते सिंथिया फॅरार बाईंचं नगर राहतं, लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मधलं नगर राहतं, माळीवाड्याचा विशाल गणपती राहतो. एका दिवसात सगळं कोंबू नये.

तर भाची आली. शिर्डी तिने पुढच्या महिन्यावर ढकलली. जावईबापू महालावर गार वाऱ्यात अर्धा तास गप्प बसून होते, मला वाटलं कंटाळले. नऊ वर्षांच्या नातीला चिमण्यांची गोष्ट सांगितली तर तिने विचारलं, "पाठवायचीच नव्हती तर पत्रं लिहिली कशाला?" मी म्हटलं, मोठी झालीस की सांगतो. ते उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

निघताना जावईबापू म्हणाले, "मामा, बाग रौझा राहिला की हो." ही अहमद निजामशहाची, म्हणजे ज्याने हे गाव वसवलं त्याचीच कबर. यांनी नाव कुठून शोधून काढलं कुणास ठाऊक. मी कॉलेजात असताना एकदाच तिथे गेलो होतो. पुढच्या वेळी नक्की, असं म्हटलंय. त्याआधी एका सकाळी एकटाच स्कूटर घेऊन जाऊन येणार आहे, निदान रस्ता तरी आठवतोय का ते बघायला.