सेवा संपल्यावरचे दोन दिवस

नोकरी सोडणाऱ्याची किती पीएल शिल्लक आहे, हे त्याचा राजीनामा येतो त्याच दिवशी आपल्या पगारपत्रकाच्या प्रणालीत दिसत असते. तरीही तिचे पैसे हातात पडायला त्याला दीड-दोन महिने थांबावे लागते. कधी नो-ड्यूजवरची एक सही अडते, कधी रिलीव्हिंग लेटरच्या बदल्यात 'रजेचे सोडून दे' असे तोंडी सुचवले जाते. मनुष्यबळ आणि वेतन विभागांत काम करणाऱ्या आपण सगळ्यांनी ही रूढी मोडली पाहिजे.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता लागू झाल्या. वेतन संहितेच्या कलम १७ नुसार राजीनामा दिलेल्याचे वेतन दोन कामकाजी दिवसांत चुकते करायचे आहे. शिल्लक रजेच्या पगारालाही व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२ ने तीच मुदत घातली आहे. कारखान्यांना तर हे नवीन नाहीच. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ७९ मध्ये ही मुदत होतीच. 'फुल अँड फायनल ४५ दिवसांत' ही ओळ आपणच नियुक्तिपत्रात घातली आणि वर्षानुवर्षे पुढे चालवली. वर्ष पुरे होण्याआधी सोडणाऱ्यालाही भरलेल्या दर २० दिवसांमागे एक दिवस मिळतो, हेही अनेक ठिकाणी विसरले जाते.

विदर्भ कोकण ग्रामीण बँकेतून राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिलेला निकाल प्रत्येकाने मुळातून वाचावा. रजेचे रोखीकरण पगारासारखेच आहे, ती कर्मचाऱ्याची मालमत्ता आहे आणि कायद्याच्या आधाराशिवाय ती हिरावून घेणे राज्यघटनेच्या अनुच्छेद ३००-अ चा भंग ठरतो, असे न्यायालयाने म्हटले. प्रकरण सार्वजनिक बँकेचे होते, पण त्यामागचा विचार खासगी कंपनीतही तितकाच खरा आहे. माणसाने ते दिवस काम करून कमावलेले असतात.

करकपातीतही चूक होते. बिगरसरकारी कर्मचाऱ्याला या रकमेवर मिळणाऱ्या सवलतीची मर्यादा १ एप्रिल २०२३ पासून ३ लाखांवरून २५ लाख रुपये झाली. सेवानिवृत्तीइतकीच ती राजीनाम्यालाही लागू आहे. सेवेच्या दर वर्षामागे ३० दिवस, सरासरी १० महिन्यांचा पगार आणि आधीच्या मालकांकडे घेतलेली सवलत एवढे तपासायचे असते. ते न तपासता सरसकट टीडीएस कापला, की परतावा मिळवण्याची यातायात त्याच्या माथी बसते.

व्यवस्थापक 'कामगार' या व्याख्येत बसत नाहीत, तेव्हा त्यांचा हक्क करार आणि कंपनीच्या धोरणावर उभा असतो. म्हणून ते धोरण मोघम ठेवू नका. दर मूळ पगारावर की एकूण वेतनावर, कमाल किती दिवस, हे स्पष्ट लिहा. नोटीस पिरियड कमी भरल्याची वसुली असेल तर ती वेगळ्या ओळीत दाखवा, रजेच्या आकड्यात मुरवू नका.

आणि रजा नाकारायची वेळ आली तर नकार लेखी द्या. साठवणुकीची मर्यादा ३० दिवसांची आहे, पण मागूनही नाकारलेल्या रजेला ती लागू होत नाही. तो कागद नसला तर कामाच्या ओढीने थांबलेल्या माणसाचे दिवस बुडू शकतात.