कोयता की कौशल्य? शिकाऊ उमेदवारी आणि खांडबारा परिसरातील तरुण

दिवाळी आटोपली की खांडबारा परिसरातील पाडे हळूहळू रिकामे होऊ लागतात. नवापूर तालुक्यातील अनेक कुटुंबे बिऱ्हाड पाठीवर घेऊन दक्षिण गुजरातच्या ऊसपट्ट्याकडे, बारडोली-सुरतच्या दिशेने निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल हंगामभर ऊस तोडून फेडायची, उरलेसुरले हाती घ्यायचे आणि पावसाळ्यापूर्वी घरी परतायचे, हे चक्र पिढ्यान्‌पिढ्या सुरू आहे. आता या वाटेने दहावी-बारावी झालेली मुलेही जाऊ लागली आहेत. ‘शिकून काय उपयोग झाला?’ हा आईवडिलांचा प्रश्न अशा वेळी मन विषण्ण करतो.

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या देशाच्या कायद्यात साठ वर्षांहून अधिक काळ पडून आहे. त्याचे नाव शिकाऊ उमेदवारी, म्हणजेच अप्रेंटिसशिप. कारखान्यात वा कार्यशाळेत प्रत्यक्ष काम करीत हुन्नर शिकायचा, शिकत असताना दरमहा विद्यावेतन घ्यायचे आणि शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवायचे, अशी ही व्यवस्था आहे. गरीब घरासाठी तिचे मोल मोठे आहे. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाची कमाई थांबते आणि खर्च वाढतो. शिकाऊ उमेदवाराला मात्र भाकरी आणि शिक्षण यांपैकी एकाची निवड करावी लागत नाही.

कायदा काय सांगतो?

शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ साली संमत झाला. त्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या. त्यांपैकी २०१४ ची दुरुस्ती विशेष महत्त्वाची आहे. २०१९ च्या सुधारित नियमांनुसार तीस किंवा त्याहून अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के इतके शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. म्हणजे दोनशे माणसे काम करीत असलेल्या कारखान्याने किमान पाच जणांना शिकवलेच पाहिजे. चार ते एकोणतीस माणसांच्या छोट्या आस्थापनांना ही गोष्ट ऐच्छिक आहे.

याच नियमांनी किमान विद्यावेतनही ठरवून दिले. पाचवी ते नववी शिकलेल्यास दरमहा ५,००० रुपये, दहावी उत्तीर्णास ६,०००, बारावी उत्तीर्णास तसेच आयटीआय प्रमाणपत्रधारकास ७,०००, पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास ९,००० रुपये. दुसऱ्या वर्षी त्यात दहा टक्के वाढ आणि तिसऱ्या वर्षी आणखी पंधरा टक्के. ही रक्कम महागाईच्या मानाने अपुरी असल्याने २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने तीत ३६ टक्के वाढ करण्याची शिफारस केली. मालकांना प्रोत्साहन मिळावे म्हणून ऑगस्ट २०१६ मध्ये राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना सुरू झाली. तिच्याद्वारे किमान विद्यावेतनाचा पंचवीस टक्के भाग, दरमहा १,५०० रुपयांच्या मर्यादेत, केंद्र शासन उचलते. २०२३ पासून हा हिस्सा थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा होऊ लागला.

या कायद्यातील तीन तरतुदी आदिवासी तरुणांनी आवर्जून लक्षात ठेवाव्यात. पहिली, प्रशिक्षणाच्या जागांमध्ये अनुसूचित जाती व जमातींसाठी राखीव जागांची तरतूद कायद्यातच आहे. दुसरी, उमेदवार आणि मालक यांच्यात लेखी करार होऊन त्याची नोंदणी झाली पाहिजे. उमेदवार अज्ञान असल्यास पालकाने सही करायची असते. तिसरी, शिकाऊ उमेदवाराला मालाच्या नगांवर वा वजनावर मोबदला देता येत नाही. ऊसतोडीच्या फडात टनावर हिशेब होतो आणि तो बहुधा मुकादमाच्या वहीत राहतो. शिकाऊ उमेदवाराचा हिशेब महिन्यावर होतो आणि करारात लिहिलेला असतो. एकाची सुरुवात कर्जाने होते, दुसऱ्याची करारनाम्याने.

दाराशी आलेली संधी

खांडबारा हे पश्चिम रेल्वेच्या सुरत-भुसावळ मार्गावरील स्थानक. ज्या रुळांवरून आपली माणसे मजुरीला जातात, तीच रेल्वे दरवर्षी हजारो शिकाऊ उमेदवार घेते. पश्चिम रेल्वेने २०२४ साली ५,०६६ जागांसाठी अर्ज मागवले होते. लोअर परळ, महालक्ष्मी, दाहोद अशा कार्यशाळांमधून फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, सुतार, रंगारी इत्यादी व्यवसायांचे प्रशिक्षण मिळते. त्यासाठी वेगळी लेखी परीक्षा नसते. दहावी आणि आयटीआय यांच्या गुणांची सरासरी काढून निवड होते. दहावीला किमान पन्नास टक्के गुण लागतात. अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना अर्जाचे शुल्क माफ असून वयोमर्यादेत पाच वर्षांची सवलत आहे. महावितरण आणि एस.टी. महामंडळ यांच्याकडेही वेळोवेळी अशी भरती निघत असते.

यासाठी लागणारे आयटीआयचे शिक्षण नवापूर आणि नंदुरबार येथील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये मिळते. आयटीआय न केलेल्यांनाही मार्ग बंद नाही. त्यांना आधी प्राथमिक प्रशिक्षण आणि मग प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण देता येते. त्यांच्या विद्यावेतनाचा दर मात्र शालेय शिक्षणावर ठरतो.

संधी आहे, हे माहीत नसणे ही आपली खरी अडचण आहे. जाहिरात इंग्रजी वा हिंदीत आणि संगणकावर येते. अर्जाची मुदत तीन-चार आठवड्यांची असते. तोवर मुलगा फडावर गेलेला असतो, जातीचा दाखला तहसील कार्यालयात अडकलेला असतो, बँक खाते आधारशी जोडलेले नसते. अशा बारीकसारीक कारणांनी आयुष्याची गाडी चुकते.

दुसरी बाजू

केवळ गुण गाणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. कायद्याच्या दृष्टीने शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. प्रशिक्षण संपल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही; भरतीविषयीचे स्वतःचे धोरण मालकाने ठरवावे, एवढेच कायदा म्हणतो. रेल्वेने आपल्या आस्थापनांत शिकलेल्या उमेदवारांसाठी पहिल्या स्तराच्या थेट भरतीत वीस टक्के जागा राखल्या. हे प्रमाण अपुरे आहे, आम्हांला थेट सेवेत घ्या, अशी मागणी करीत २० मार्च २०१८ रोजी शेकडो प्रशिक्षणार्थींनी माटुंगा-दादर दरम्यान लोकल गाड्या रोखल्या होत्या. आंदोलनाच्या त्या पद्धतीने मुंबईकरांचे हाल झाले, हे खरे. परंतु तिच्यामागील वेदनाही खरी होती.

काही मालक शिकाऊ उमेदवाराकडे स्वस्त मजूर म्हणून पाहतात. हुन्नर शिकवण्याऐवजी झाडलोट आणि ओझी वाहणे हेच त्याच्या वाट्याला येते. शिवाय सुरत वा मुंबईसारख्या शहरात खोलीभाडे आणि जेवण यांतच सात हजार रुपये संपून जातात. घरी पैसे पाठवता येत नाहीत, म्हणून मुलगा मध्येच प्रशिक्षण सोडतो.

मग तरीही या मार्गाचा आग्रह का धरावा? कारण हंगाम संपल्यावर ऊसतोड कामगार जिथून निघाला तिथेच परत येतो. वर्षभर शिकलेला वेल्डर तिथे परत येत नाही. त्याला त्याच कारखान्यात नोकरी मिळो वा न मिळो, हातातील कसब आणि प्रमाणपत्र त्याच्याजवळ राहते. ते घेऊन तो दुसऱ्या कारखान्यात जाऊ शकतो, परदेशी जाऊ शकतो किंवा खांडबाऱ्याच्या बाजारात स्वतःचे दुकान थाटू शकतो. अल्पमुदतीच्या योजनांशी तुलना केल्यास हा फरक अधिक स्पष्ट होतो. राज्य शासनाने २०२४ मध्ये आणलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना ६,००० आणि आयटीआय वा पदविकाधारकांना ८,००० रुपये देण्यात आले. सुरुवातीला सहा महिन्यांची असलेली ही मुदत पुढे वाढवण्यात आली. मुदत संपल्यावर पुढे काय, असे विचारत हे प्रशिक्षणार्थी २०२५ मध्ये रस्त्यावर उतरले. पैसे मिळाले, पण हुन्नराची परीक्षा आणि प्रमाणपत्र यांची जोड नसेल तर तरुण पुन्हा मोकळ्या हातांनी उभा राहतो.

जामीन कोण राहणार?

या संदर्भात ख्रिस्तसभेच्या इतिहासातील एक प्रसंग आठवतो. ८ फेब्रुवारी १८५२ रोजी इटलीतील तुरिन शहरात एका सुताराने एका गरीब मुलाला दोन वर्षे शिकाऊ म्हणून ठेवण्याचा लेखी करार केला. मुलाला त्याच्या व्यवसायाचेच काम द्यावे, घरगड्यासारखे राबवू नये, चुकल्यास शब्दांनी समजवावे, मारू नये, ठरलेली मजुरी टप्प्याटप्प्याने वाढवावी, रविवार आणि सण मोकळे ठेवावेत, अशी कलमे त्यात होती. त्या करारावर मुलाच्या बाजूने सही करणारे धर्मगुरू होते संत जॉन बॉस्को. जर्मनीतील धन्य आडोल्फ कोल्पिंग हे तर तरुणपणी स्वतः चांभाराकडे शिकाऊ होते. धर्मगुरू झाल्यावर १८४९ साली कोलोन येथे त्यांनी कारागीर तरुणांसाठी संघ उभारला. घर सोडून आलेल्या कारागिराला निवारा, सोबत आणि शिक्षण मिळावे, हा त्यामागील हेतू होता.

त्या दोघांनी जे जाणले होते, ते आजही तितकेच खरे आहे. करार कागदावर असला तरी मुलाच्या पाठीशी कोणीतरी उभे असावे लागते. आपल्या धर्मग्रामांना हे काम अवघड नाही. शालान्त परीक्षेचा निकाल लागताच मुलामुलींची यादी करावी. जातीचा दाखला, आधार आणि बँक खाते यांची पूर्तता पावसाळ्यातच, म्हणजे फडाकडे जाण्याआधी, करून घ्यावी. जाहिरात मावची बोलीत समजावून सांगणारा एक शिकलेला तरुण प्रत्येक गावात असावा. सुरत, मुंबई, पुणे येथील धर्मग्रामांशी संपर्क साधून आपल्या मुलांसाठी परवडणाऱ्या निवाऱ्याची सोय करावी. करारावर सही करण्यापूर्वी तो कोणीतरी वाचून दाखवावा आणि महिन्यातून एकदा मुलाची विचारपूस करावी. मुलींच्या बाबतीत तर ही काळजी दुपटीने घ्यावी. निवारा सुरक्षित नसेल, तर आईवडील त्यांना पाठवणारच नाहीत.

पुढच्या दिवाळीनंतरही खांडबाऱ्याहून माणसे बाहेर पडतील. पोट त्यांना थांबू देणार नाही. परंतु त्यांच्यातील काही मुलांच्या हाती मुकादमाच्या उचलीऐवजी नोंदणी झालेला करारनामा असावा, एवढे तरी आपण मनावर घेऊ या. त्याची तयारी मात्र दिवाळीनंतर नव्हे, आजच सुरू झाली पाहिजे.